पैशाचा हिशेब हसतखेळत शिकवायचाय: चार बैठकांत नेमकं काय घ्यावं?

हातचा_एक

नुकत्याच कमवायला लागलेल्या बारा-पंधरा जणांसाठी रोजच्या पैशांवर चार बैठका घ्यायच्या आहेत. आठवड्याला एक, तासाभराची. बेरीज-वजाबाकी सगळ्यांना येते, टक्केवारी बहुतेकांना येते, पण ‘बजेट’ हा शब्द काढला की चेहरे उतरतात. शिवाय आपला पगार चारचौघांत उघडा पडेल ही धास्ती असतेच.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ छापाचं प्रवचन नको. हाताने करून बघता येईल, हसू येईल आणि घरी गेल्यावर खरंच कामाला येईल असं काहीतरी हवंय. शेअर, फंड, करबचत हे विषय मुद्दाम बाहेर ठेवलेत. त्यांचे धागे पैशाला पासरी आहेत.

माझे प्रश्न:

१. पहिल्या बैठकीत कुणालाही तक्ता भरायला न लावता ‘पैसा जातो कुठे’ हे कसं दाखवायचं?
२. खर्च लिहून ठेवायची सवय दोन-तीन आठवड्यांत मोडते. कमीत कमी किती लिहिलं तर पुरतं?
३. व्याज आणि हप्ते, सूत्राशिवाय.
४. ‘५२ आठवड्यांची बचत’ वगैरे आव्हानं खरंच चालतात का?

उदाहरणांत आकडे गोल घ्या, चलन कुठलंही समजा.

---

खतावणी

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: मणी. बटणं घ्या, खडे घ्या, काहीही चालेल. माणशी ५० आणि एक मोठा कागद. कागदावर सात चौकोन: राहणं, खाणं, प्रवास, हप्ते, वर्षातून एकदाच येणारे खर्च, मौज, उरलेले.

पन्नास मणी म्हणजे महिन्याला हातात पडणारी अख्खी रक्कम. म्हणजे एक मणी २ टक्क्यांचा. शंभर मणी घेऊ नका, मोजण्यातच वेळ जातो आणि लोक एकेका मण्यावर अडून बसतात. वीस घेतले तर प्रत्येक मणी ५ टक्क्यांचा होतो आणि बारीकसारीक खर्च दिसेनासे होतात. पन्नास बरोबर बसतात. आणि सगळ्यांकडे पन्नासच असल्यामुळे कोण किती कमावतो याचा पत्ता लागत नाही. तुमची धास्ती इथेच मिटते.

पहिला डाव अंदाजाचा. तीन मिनिटं, बोलायचं नाही, मणी मांडायचे, प्रत्येक चौकोनातला आकडा पेन्सिलने कोपऱ्यात लिहायचा. हा आकडा अजिबात चुकवू नका, पुढची सगळी गंमत त्यावर आहे. आधी अंदाज करायचा आणि मग खरा आकडा बघायचा, हा क्रम ठेवला की हिशेब पैज लावल्यासारखा होतो. उलट केलं तर नुसती नोंद उरते.

दुसऱ्या डावात तुम्ही एक चिठ्ठी उघडायची: ‘वर्षाचा विमा हप्ता आला, सहा मणी काढा.’ आता बघा काय होतं. हात आधी ‘वर्षातून एकदा’ या चौकोनाकडे जातो आणि तो बहुतेकांचा रिकामा असतो. मग घरभाड्यावर जातो, तिथून उचलता येत नाही. हप्त्यांतूनही नाही. शेवटी मौज आणि उरलेल्यांतून सहा निघतात, नाहीतर माणूस शेजाऱ्याकडे मागायला लागतो. शेजाऱ्याने दिले तर लगेच सांगा: पुढच्या डावात सातवा मणी जोडून परत करायचे. उधारी म्हणजे काय हे समजावायला वेगळी बैठक लागत नाही. स्थिर खर्च आणि लवचिक खर्च हे शब्द नंतर वापरा, ते बोटांना आधी कळू द्या.

तिसरा डाव चौथ्या बैठकीत, प्रत्यक्षातल्या आकड्यांवरून. कागद तोच, नवे आकडे शाईने. ज्याच्या चौकोनात अंदाज आणि वास्तव यांत सगळ्यात जास्त फरक, त्याला टाळ्या. बरोबर ठरणाऱ्याला बक्षीस देऊ नका, नाहीतर लोक दुसऱ्या वेळी खोटे मणी मांडतात.

चुका कुठे होतात ते सांगतो. लोक एकूण पगार धरतात, कपात होऊन हातात येणारा नाही. सुरुवातीलाच दोनदा सांगा. ज्यांची मिळकत दर महिन्याला बदलते त्यांनी गेल्या सहा महिन्यांतली सगळ्यात कमी रक्कम म्हणजे ५० मणी धरावेत, सरासरी नाही. सरासरी धरली की निम्म्या महिन्यांत मणी कमी पडतात. चांगल्या महिन्यात वर आलेलं वेगळ्या वाटीत जातं आणि वाईट महिन्यात तिथूनच परत येतं.

अडीअडचणीच्या साठ्याचं गणितही यावरच करून घ्या. राहणं, खाणं, प्रवास, हप्ते मिळून समजा ३४ मणी. साठा मोजायचा तो या ३४ वरून, ५० वरून नाही, कारण नोकरी गेली की मौज आपोआप थांबते. महिन्याला ५ मणी बाजूला पडत असतील तर एका महिन्याचा साठा सातव्या महिन्यात उभा राहतो, तीन महिन्यांचा एकविसाव्यात. तीन ते सहा महिन्यांचा साठा असावा हे सगळेच सांगतात, पण पहिलं निशाण एका महिन्याचंच ठेवा. एकवीस महिने कुणालाच दिसत नाहीत, सात दिसतात.

---

पै_न_पै

मण्यांना +१. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

रोज लिहिणं मोडतं त्याचं कारण आळस नाही, रचना आहे. एक दिवस राहिला की वहीत भोक पडतं, दोन राहिले की आठवून लिहावं लागतं, चौथ्या दिवशी वही उघडायचीच लाज वाटते. म्हणून रोजची नोंद सोडून द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दहा मिनिटं. लिहायच्या फक्त चार ओळी:

आरंभीची शिल्लक (खिशातली रोकड आणि खात्यातली मिळून)
अधिक आठवड्यात आलेले
वजा अखेरची शिल्लक
म्हणजे गेलेले

समजा सोमवारी सकाळी ६४०० होते, आठवड्यात काही आलं नाही, पुढच्या सोमवारी ४१५० आहेत. गेले २२५०. हा आकडा खोटं बोलत नाही, कारण तो आठवणीवर अवलंबून नाही. वही उघडण्याआधी मात्र अंदाज लिहायचा, खतावणींचाच नियम. मग आठवतील ते मोठे खर्च लिहा. समजा १७०० आठवले. उरलेले ५५० ‘बेपत्ता’.

बेपत्ता रक्कम गेलेल्या रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या, तिच्या मागे लागू नका. इथे २२५ पर्यंत माफ. ५५० म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के, म्हणजे एखादा नियमित खर्च नजरेतून सुटतोय. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढ्याचा माग काढायचा: दिवसभरात दोनशेच्या आतले जे काही खर्च होतील तेवढेच टिपायचे, बाकी काही नाही. एका आठवड्यात चोर सापडतो. बहुतेक वेळा तो आपोआप कापली जाणारी एखादी वर्गणी असतो, नाहीतर रोजचं काहीतरी इतकं सवयीचं की तो खर्चच वाटत नाही.

‘किरकोळ’ नावाचा रकाना ठेवायचा असेल तर त्यावर पहारा ठेवा. सगळं त्यातच जाऊन बसतं.

आता हिशेब न जुळण्याची दोन नेहमीची कारणं. पहिलं: खात्यातून रोकड काढली ती खर्च म्हणून लिहिली आणि त्याच रोकडीतून घेतलेल्या वस्तू पुन्हा खर्च म्हणून लिहिल्या. रोकड काढणं म्हणजे पैसा या खिशातून त्या खिशात. तो खर्च नव्हे. दुसरं, क्रेडिट कार्ड: खरेदी केली त्या दिवशी लिहिलं आणि बिल भरलं तेव्हा परत लिहिलं. एकच पद्धत धरा. खरेदीच्या दिवशी लिहिणार असाल तर बिल भरणं म्हणजे फक्त देणं फेडणं. आणि वरच्या चार ओळींत कार्डावर थकलेली रक्कम दोन्ही शिलकांमधून वजा करून घ्या, नाहीतर कार्ड घासलेला आठवडा कागदावर काटकसरीचा दिसतो.

अवांतर: घरहिशेबाची वही चार साध्या प्रश्नांवर चालवायची कल्पना जुनी आहे. जपानमध्ये १९०४ साली हानी मोतोको या पत्रकार बाईंनी ‘काकेइबो’ ही घरखर्चाची वही लोकांसमोर आणली. किती आहे, किती वाचवायचंय, किती जातंय, कुठे सुधारता येईल, असे त्यातले प्रश्न सांगितले जातात. त्यातला चौथा प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारू नका, घरी जाऊन ज्याचं त्याने बघावं.

---

बहात्तर

नाव बघून कळलंच असेल. तिसरा प्रश्न माझा.

सूत्राशिवाय चक्रवाढ सांगायची तर ७२ ला वार्षिक दराने भागा, रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ६ टक्क्यांना १२ वर्षं, ८ ला ९, १२ ला ६. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथातही हा नियम आहे, म्हणजे कुणी ‘नवी युक्ती’ म्हणून विकत असेल तर हसा. ८ टक्क्यांच्या आसपास तो अगदी चोख बसतो. दर वाढला की थोडा घाईचं उत्तर देतो: ३६ टक्क्यांना नियम २ वर्षं म्हणतो, खरी सव्वादोन लागतात. बैठकीसाठी एवढं अचूक पुरे.

पण लोकांना वाढणारी बचत दाखवण्यापेक्षा वाढणारं कर्ज दाखवा. ते जास्त लक्षात राहतं.

फळ्यावर दोन स्तंभ करा. दोघांच्या क्रेडिट कार्डावर १०,००० थकलेत, दर महिन्याला ३ टक्के व्याज, नवी खरेदी शून्य. (महिना ३ म्हणजे वर्षाला ३६ नव्हे. व्याजावर व्याज धरून ४२.६ होतात. हा प्रश्न आधी विचारा, सगळे ३६ म्हणतात.) दोघांचंही पहिलं बिल १०,३०० चं. किमान भरणा बिलाच्या ५ टक्के, म्हणजे ५१५.

पहिला माणूस दर महिन्याला ‘किमान’ भरतो. थकबाकी कमी होते तसा त्याचा किमान आकडाही खाली येतो: ५१५, ५०४, ४९३… त्याला बरं वाटतं, ओझं हलकं होतंय असं वाटतं. वर्षभरात त्याने भरले सुमारे ५५००. थकबाकी उतरली फक्त २३०० ने. उरलेले ३२०० व्याजात गेले.

दुसरा माणूस हट्टी. बिलावर काहीही आकडा येवो, तो दर महिन्याला ५१५ च भरतो. तिसाव्या महिन्यात त्याचं कर्ज संपतं. त्याच दिवशी पहिल्याच्या डोक्यावर अजून ५२०० च्या आसपास असतात.

दोघांचा पहिला हप्ता सारखा होता, हे तीनदा सांगा. फरक एवढाच की एकाने आकडा घसरू दिला. इथेही आधी अंदाज घ्या: ‘हट्टी माणसाचं कर्ज संपेल तेव्हा दुसऱ्याचं किती उरलं असेल?’ चिठ्ठ्यांवर आकडे लिहून घ्या, मग उत्तर लिहा.

दुसरा प्रयोग सपाट व्याजाचा. बारा कागदी पट्ट्या कापा, प्रत्येकीवर १००० लिहा. हे १२,००० चं कर्ज, मुदत १२ महिने, ‘फक्त १० टक्के सपाट व्याज’. व्याज १२००, एकूण १३,२००, महिन्याचा हप्ता ११००. आता एकाला सावकार करा, दुसऱ्याने दर महिन्याला एक पट्टी आणि १०० व्याज परत द्यायचं. सहाव्या महिन्यानंतर थांबवा आणि विचारा: तुझ्या हातात पट्ट्या किती? सहा. व्याज कितीवर देतोयस? बाराच्या बारांवर. शेवटच्या महिन्यात हातात एकच पट्टी असते आणि तिच्यावर १०० व्याज. पोरं चिडतात, म्हणजे प्रयोग जमला. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. एक ते तीन वर्षांच्या मुदतीला दहाच्या आसपासचा सपाट दर साधारण १.८ ने गुणा, खऱ्या दराच्या जवळ पोहोचता.

एकापेक्षा जास्त कर्जं असतील तर आधी कुठलं फेडायचं यावर इथे काथ्याकूट होईलच, म्हणून माझं मत सांगून टाकतो. गणित म्हणतं जास्त दराचं आधी. मन म्हणतं छोटं आधी, एक तरी मिटेल. दरांत फार अंतर नसेल तर मनाचं ऐका. पण ३००० वर वर्षाला १२ टक्के आणि ८००० वर ३६ टक्के असं असेल, तर पहिल्याचं महिन्याचं व्याज ३० आहे आणि दुसऱ्याचं २४०. तिथे मनाचे लाड परवडत नाहीत.

---

रोखठोक

खेळ चांगले आहेत, पण सगळंच खेळ केलं तर खेळाचा कंटाळा आला की बचतही थांबते. जे काम माणसाने दर महिन्याला आठवून करायचं असतं ते होत नाही. म्हणून एकाच बैठकीत, तिथल्या तिथे, मोबाइल काढून प्रत्येकाने आपोआप वळती होणारी रक्कम लावावी. तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची. पगाराच्याच दिवशी लावू नका. जमा व्हायला उशीर झाला तर व्यवहार नापास होतो, कधी वर दंडही बसतो आणि माणूस वैतागून सगळं बंद करतो. रक्कम सुरुवातीला एका मण्याएवढी, २ टक्के. लाजण्यासारखी वाटली तरी चालेल. तीन महिने बिनबोभाट गेली की दुसरा मणी.

आता ५२ आठवड्यांचं आव्हान. पहिल्या आठवड्यात १, दुसऱ्यात २, बावन्नाव्यात ५२. एकूण १३७८. गोम अशी की पहिल्या २६ आठवड्यांत जमतात ३५१ आणि उरलेल्या २६ मध्ये भरायचे असतात १०२७. म्हणजे उत्साह ताजा असतो तेव्हा काम नाही, आणि उत्साह विझतो तेव्हा चढण. मोडणारच. उलट क्रमाने सुरू केलं तर सुरुवातीलाच दम लागतो.

दोन दुरुस्त्या करता येतात. एक, जोड्या लावा: १ आणि ५२, २ आणि ५१, ३ आणि ५०. प्रत्येक जोडी ५३ ची, जोड्या २६. दर पंधरा दिवसांनी ५३, कटकट संपली. पण यात गंमतही संपते हे खरं. म्हणून दुसरी: १ ते ५२ च्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि दर आठवड्याला एक उचला. सरासरी साडेसव्वीसच पडते, पण या आठवड्याला ३ निघेल की ४८ याची उत्सुकता राहते. अट एकच, नको असलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. वर्षात फार तर तीनदा बदलायची मुभा ठेवा. मुभाच ठेवली नाही तर पहिल्या तंगीला डबा माळ्यावर जातो.

नशिबाची चटक बचतीला लावायची कल्पना सरकारांनीही वापरली आहे. ब्रिटनमध्ये १९५६ पासून प्रीमियम बॉण्ड विकले जातात. मुद्दल सुरक्षित राहते, ठरावीक व्याज मिळत नाही, त्याऐवजी सोडत निघते. पहिली सोडत १९५७ मध्ये निघाली. लॉटरीत तिकिटाचे पैसे जातात, इथे ते जात नाहीत, एवढाच काय तो फरक आणि तोच महत्त्वाचा. घरच्या घरी करायचं तर चौघांनी आपापल्या खात्यात ठरलेली बचत करायची आणि महिन्याअखेर ज्यांनी ती पूर्ण केली त्यांच्याच नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याच्या वाट्याची कामं बाकीच्यांनी एक दिवस करायची. बक्षीस पैशाचं ठेवू नका.

आणि वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांबद्दल. ‘बाराने भागा’ हे सगळेच सांगतात आणि पहिल्याच वर्षी सगळ्यांचं फसतं. समजा विमा १२,००० आहे आणि चार महिन्यांनी भरायचाय. कसलं तरी शुल्क ६००० आहे, ते दहा महिन्यांनी. बाराने भागून महिन्याला १५०० ठेवले तर चार महिन्यांनी हातात ६००० असतात आणि बिल १२,००० चं येतं. माणूस म्हणतो, ही पद्धतच खोटी. पद्धत खोटी नाही, पहिल्या वर्षी भागायचं ते उरलेल्या महिन्यांनी. विम्याला महिना ३०००, शुल्काला ६००, म्हणजे पहिले चार महिने ३६००. मग १६००. शुल्क एकदा भरलं की कायमचे १५००. ते ३६०० झेपत नसतील तर एक वर्ष विमा तिमाही भरता येतो का बघा. थोडं जास्त पडतं, पण साखळी सुरू होते.

---

हातचा_एक

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकला. मणी आणि पट्ट्या नक्की. दोन उपप्रश्न:

अ) यांतले काही जण जोडीने राहतात, दोघंही कमावतात, मिळकत असमान. घरखर्च कसा वाटावा हे भांडण न लावता कसं मांडायचं?
आ) ‘हे मला परवडतं का’ हा प्रश्न विचारायची एखादी सोपी मोजपट्टी?

---

खतावणी

अ) उत्तर देऊ नका, तीन उत्तरं शेजारी शेजारी मांडा. मिळकत ३०,००० आणि २०,०००, सामाईक खर्च १५,०००.

निम्मं-निम्मं: दोघं ७५०० देतात, हातात उरतात २२,५०० आणि १२,५००.
मिळकतीच्या प्रमाणात: ९००० आणि ६०००, उरतात २१,००० आणि १४,०००.
उरणारे पैसे सारखे: १२,५०० आणि २५००, दोघांकडेही १७,५००.

तिन्ही पद्धती बरोबर आहेत. ‘समान’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकीत वेगळा आहे, एवढंच. जोडप्यांनी आधी एकमेकांना न दाखवता क्रमांक लिहायचा, मग उघडायचा. पुढची चर्चा त्यांच्या घरी. तुम्ही मध्ये पडू नका, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, पण समजूतदारपणाचं चारचौघांत हमखास आणलं जातं.

---

बहात्तर

आ) तासांची मोजपट्टी. महिन्याला हातात २०,००० येतात. त्यातून केवळ कामापायी होणारा खर्च, म्हणजे ये-जा, कामाचे कपडे वगैरे, २००० वजा करा. उरले १८,०००. कामाचे तास १८०, त्यात ये-जा करण्याचे ४५ मिळवा: २२५. एका तासाचे ८०. लोक २०,००० ला १८० ने भागून १११ काढतात आणि स्वतःला उगाच महाग समजतात.

मग १२०० ची वस्तू म्हणजे १५ तास. ‘पंधरा तास देशील का?’ असं विचारलं की उत्तर पटकन येतं, कधी हो, कधी नाही.

ही पट्टी औषधपाणी, भाडं, शिक्षण यांना लावू नका. तिथे ती फक्त जीव कढवते. एक मर्यादा ठरवा, समजा पाच तासांच्या वरच्या ऐच्छिक खरेदीलाच लावायची. त्याखालच्या गोष्टींना तास मोजत बसणारा माणूस घरच्यांना नकोसा होतो.

---

पै_न_पै

तिसऱ्या बैठकीसाठी अजून एक खेळ सुचतो: चुकलेला हिशेब. नमुन्याच्या वहीचं एक पान तयार करा, पंधरा-वीस नोंदी, जमा आणि खर्च. त्यात मुद्दाम एक चूक पेरा आणि गटांना शोधायला द्या. हिशेबनिसांची जुनी हत्यारं आधी सांगा:

फरक सम आकडा असेल तर त्याच्या निम्म्याची नोंद शोधा. ३०० जमा झालेले खर्चात लिहिले गेले असतील तर फरक ६०० चा येतो.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल किंवा घसरलेलं शून्य. ५४० च्या जागी ४५० लिहिलं, फरक ९०. ५४० च्या जागी ५४ लिहिलं, फरक ४८६, त्यालाही ९ ने भाग जातो.

यातलं काहीच नसेल तर फरकाएवढीच एखादी नोंद सुटली आहे का किंवा दोनदा आली आहे का, ते बघायचं.

---

हातचा_एक

हे भारी आहे. पेरायला १६२ चा फरक येईल अशी चूक ठेवली तर? सम आहे, आणि ९ ने भागही जातो, म्हणजे दोन्ही वाटा उघड्या राहतात.

---

पै_न_पै

चालेल, उत्तम. निम्मे ८१, पण ८१ ची नोंद पानावर कुठेच ठेवू नका, म्हणजे ती वाट बंद. मग ९ ची वाट. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर फरक एकक-दशकात जास्तीत जास्त ८१ असतो, आणि दशक-शतकात ९० च्या पटीत. १६२ यांपैकी कशातच बसत नाही. म्हणजे शून्य घसरलंय. १६२ ला ९ ने भागा, १८. पानावर १८ ची नोंद शोधायची, ती मुळात १८० होती. हुशार गट दोन मिनिटांत पोहोचतो, बाकीचे बेरजा तपासत बसतात.

१८ ची नोंद अशा ठिकाणी ठेवा की १८ खोटी वाटू नये. महिन्याच्या भाड्यापुढे १८ लिहिलंत तर बघताक्षणी कळेल.

---

रोखठोक

आणि पान वाटण्याआधी दुसऱ्या कुणाकडून एकदा जुळवून घ्या. तुमची स्वतःची एखादी चूक त्यात राहिली तर दोन्ही फरक एकमेकांत मिसळतात आणि ९ चा नियम आंधळा होतो. शिवाय नऊ आकड्यांतून एकाला ९ ने भाग जातोच, त्यामुळे नियम लागू पडला म्हणजे चूक सापडली असं नाही, शोध कुठून सुरू करायचा एवढंच कळतं. हे गटांना खेळ संपल्यावर सांगा, आधी नाही.